विश्लेषण : उसाच्या ट्रॉलीचे मागचे दिवे का लागत नाहीत?

गाळप हंगाम सुरू झाला की पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा आणि अहिल्यानगर पट्ट्यातील रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागते. हंगामाबरोबर एक बातमीही ठरलेली असते. अंधारात ट्रॉलीला मागून धडक, दुचाकीस्वार जागीच ठार. त्यानंतर रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम होते, पोलीस सूचना देतात, कारखाने ट्रॉल्यांना रेडियमच्या पट्ट्या चिकटवतात. पण ट्रॉलीचे दिवे मुळात बंद का असतात, या प्रश्नाकडे क्वचितच कुणी वळते. निष्काळजीपणा हे त्याचे एक उत्तर आहे. दुसरे उत्तर विजेच्या जोडणीत दडलेले आहे. अनेकदा बल्ब चांगला असतो, बॅटरी चांगली असते, वायरही शाबूत असते. बिघडलेला असतो तो ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामधला जोड. हा दोष कसा निर्माण होतो, तो कसा शोधायचा आणि दुरुस्त करण्याची जबाबदारी कुणाची, याविषयी...

प्रश्न किती मोठा आहे?

राज्यात हंगामात दोनशेच्या आसपास साखर कारखाने गाळप करतात. २०२३-२४ च्या हंगामात दहा कोटी टनांहून अधिक ऊस गाळला गेला. एका खेपेला सरासरी २० टन धरले, तरी एवढा ऊस कारखान्यापर्यंत पोहोचवायला ५० लाख खेपा लागतात. यातला काही ऊस ट्रकने आणि बैलगाडीने जातो हे खरे. पण मोठा भार ट्रॅक्टरवर आहे आणि एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या हे दृश्य नेहमीचे आहे. तोड दिवसा होते, भरणी दुपारनंतर संपते. त्यामुळे भरलेली ट्रॉली रस्त्यावर येते तेव्हा बहुतेकदा दिवस मावळलेला असतो. हंगाम हिवाळ्यातला असल्याने अंधार लवकर पडतो आणि पहाटे धुकेही असते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. सर्व प्रकारची वाहने मिळून दर पाच अपघातांपैकी साधारण एक अपघात मागून धडक बसल्याचा होता. पुढचे वाहन वेळेत दिसणे, ते थांबते आहे किंवा वळते आहे हे कळणे, यावर अशा धडका टाळणे बरेचसे अवलंबून असते.

वेळेत दिसणे म्हणजे किती अंतरावरून?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०५ नुसार वाहनाच्या मागचा लाल दिवा १५५ मीटर अंतरावरून दिसला पाहिजे. या आकड्याचा अर्थ साध्या गणितातून कळतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल सेकंदाला जवळपास १७ मीटर अंतर कापते. चालकाला धोका लक्षात येऊन ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात २५ मीटर संपतात. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी २५ ते ३० मीटर लागतात. म्हणजे थांबण्यासाठी एकूण ५० ते ५५ मीटर हवेत.

आता बंद दिव्यांची ट्रॉली रस्त्यात उभी आहे असे समजू. समोरून वाहन येत असल्याने मोटारसायकलस्वाराने दिवा डिपरवर घेतला आहे. अशा उजेडात मातकट, काळपट वस्तू साधारणपणे ५० मीटरच्या आतच नजरेत भरते. म्हणजे हाती जेमतेम तीन सेकंद उरतात. मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला असता, तर त्याच चालकाला नऊ सेकंद मिळाले असते. तीन आणि नऊ सेकंदांमधला हा फरक ट्रॉलीच्या मागच्या पाच वॉटच्या बल्बवर ठरतो.

मग रिफ्लेक्टर पुरेसे का नाहीत?

रिफ्लेक्टर आवश्यकच आहेत. नियम १०४ त्यांची सक्ती करतो आणि दिवे बंद पडले तर तोच शेवटचा आधार असतो. पण रिफ्लेक्टर स्वतः प्रकाश देत नाही. मागच्या वाहनाच्या दिव्याचा उजेड तो परत पाठवतो. मागून येणाऱ्याचा दिवा मंद असेल, रेडियमवर चिखल बसला असेल किंवा ट्रॉली वळणावर तिरकी उभी असेल, तर त्याचा उपयोग झपाट्याने कमी होतो. उसाची वाढे आणि मोळ्यांची टोके मागे लोंबत असतील तर रिफ्लेक्टर आणि दिवे दोन्ही झाकले जातात.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. रिफ्लेक्टर ट्रॉली आहे एवढेच सांगतो. ती थांबते आहे की उजवीकडे वळते आहे, हे सांगत नाही. शेताच्या वाटेवर किंवा कारखान्याच्या फाटकाकडे उजवे वळण घेणारी ट्रॉली आणि त्याच क्षणी उजवीकडून ओव्हरटेक करणारा दुचाकीस्वार, हा प्रसंग रिफ्लेक्टर टाळू शकत नाही. त्यासाठी ब्रेक लाइट आणि इंडिकेटरच लागतात.

ट्रॅक्टरचे दिवे लागतात, मग ट्रॉलीचे का नाहीत?

बल्ब लागण्यासाठी वीज बॅटरीच्या धन टोकापासून निघून बल्बमधून जावी लागते आणि ऋण टोकाकडे परतही यावी लागते. जाण्याची वाट वायरची असते. परतीची वाट वाहनांमध्ये बहुधा लोखंडी सांगाड्यातून जाते. मेकॅनिकच्या भाषेत ही ‘बॉडी अर्थ’ किंवा नुसती ‘अर्थिंग’. ट्रॅक्टरवर हे जमते, कारण बॅटरीचे ऋण टोक सांगाड्याला जाड केबलने जोडलेले असते.

ट्रॉली मात्र वेगळी वस्तू आहे. ट्रॅक्टरशी तिचा लोखंडी संबंध येतो तो फक्त हुकात अडकवलेल्या पिनेतून. अनेक ट्रॉल्यांना अर्थची स्वतंत्र वायरच टाकलेली नसते. टेल, ब्रेक आणि दोन इंडिकेटर अशा चार वायरी ओढल्या जातात आणि परतीचे काम हुक-पिनेवर सोडले जाते. नव्या ट्रॉलीत ते चालतेही. पुढे पिनेला गंज चढतो, ग्रीस आणि चिखलाचा थर बसतो, भोक झिजून पीन सैल होते. ट्रॉली ओढली जात असताना पीन एका बाजूने टेकते, उतारावर ट्रॉली रेटू लागली की ती दुसऱ्या बाजूने टेकते आणि खड्ड्यात क्षणभर सुटतेही. विजेची परतीची वाट तितक्याच वेळा तुटते. अंगणात उभ्या ट्रॉलीचे सगळे दिवे लख्ख लागतात आणि रस्त्यावर तेच दिवे मिचमिचत विझतात, त्याचे कारण हे आहे.

लक्षणांवरून दोष कसा ओळखायचा?

ट्रॉलीच्या विजेचे बहुतेक बिघाड ठरावीक खुणा देतात. त्या ओळखल्या तर प्रत्येक वेळी बल्ब बदलण्याचा खर्च वाचतो.

• इंडिकेटर दिला की टेल लाइटही लुकलुकतो, किंवा ब्रेक दाबला की टेल लाइट मंद होतो : अर्थ तुटल्याची ही सर्वांत स्पष्ट खूण. परतीची वाट बंद झाल्याने वीज शेजारच्या बल्बच्या तारेतून मार्ग काढते आणि दिवे एकमेकांच्या तालावर नाचू लागतात.

• सगळे दिवे एकदम बंद : फ्यूज, प्लग किंवा अर्थ. चारही बल्ब एकाच वेळी जाण्याची शक्यता नगण्य.

• एकाच बाजूचा किंवा एकाच प्रकारचा दिवा बंद : त्या दिव्याचा बल्ब, होल्डर किंवा त्याची वायर.

• इंडिकेटर नेहमीपेक्षा दुप्पट वेगाने टकटकतो : एक बल्ब गेला आहे, किंवा जुन्या फ्लॅशरवर एलईडी दिवे जोडले आहेत.

• उभे असताना दिवे लागतात, चालताना जातात : हुकातून घेतलेली अर्थ किंवा सैल प्लग.

• फ्यूज पुन:पुन्हा उडतो : एखादी वायर चेसिसच्या धारेवर घासून उघडी पडली आहे. अशा वेळी फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा चांदी लावणे सर्वांत घातक. वायर तापून पेटली तर भोवती वाळलेले पाचट असतेच.

तपासणीचा क्रम कोणता असावा?

दोष शोधताना सर्वसाधारण चूक म्हणजे सुरुवात मागच्या बल्बपासून करणे. खरे तर आधी दोष ट्रॅक्टरकडे आहे की ट्रॉलीकडे, हे ठरवावे लागते. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. दोन वायरी जोडलेला १२ व्होल्टचा साधा बल्ब, म्हणजे टेस्ट लॅम्प, पुरतो.

पहिली पायरी : ट्रॉलीचा प्लग काढावा आणि ट्रॅक्टरचे स्वतःचे मागचे दिवे तपासावेत. ते बंद असतील तर दोष ट्रॅक्टरच्या फ्यूज, स्विच किंवा वायरिंगमध्ये आहे. ट्रॉलीकडे जायचे कारणच नाही.

दुसरी पायरी : टेस्ट लॅम्पचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला लावून दुसरे टोक ट्रॅक्टरच्या सॉकेटमधील एकेका पिनेला टेकवावे. कुणीतरी आळीपाळीने टेल, ब्रेक आणि इंडिकेटर चालू करावेत. ज्या पिनेवर लॅम्प लागत नाही, तिथपर्यंत वीज येत नाही.

तिसरी पायरी : आता लॅम्पचे टोक बॅटरीवरून काढून सॉकेटमधील अर्थच्या पिनेला लावावे आणि तीच तपासणी पुन्हा करावी. आधी लागणारा लॅम्प आता लागत नसेल, तर सॉकेटची अर्थ तुटलेली आहे. ट्रॅक्टरकडील दोष इथे निकाली निघतो.

चौथी पायरी : प्लग जोडून, दिवे चालू ठेवून, बॅटरीच्या ऋण टोकापासून एक जाड वायर थेट ट्रॉलीच्या मागच्या दिव्याच्या धातूच्या भागाला किंवा त्याच्या अर्थ वायरीला टेकवावी. दिवे लगेच लख्ख झाले, तर बल्ब आणि वायरी ठीक आहेत आणि दोष फक्त अर्थचा आहे. ही दोन मिनिटांची चाचणी बरीच धावाधाव वाचवते.

पाचवी पायरी : तरीही दिवे लागले नाहीत, तर सुटी १२ व्होल्टची बॅटरी घेऊन ट्रॉलीच्या प्लगलाच वीज द्यावी. ऋण टोक अर्थच्या पिनेला लावून धन टोकाने एकेक दिवा तपासावा. मधे फ्यूज अवश्य ठेवावा. यात ट्रॅक्टर पूर्णपणे बाजूला राहतो आणि ट्रॉलीतील तुटलेली वायर उघडी पडते.

शेवटी वायर हलवून पाहावी. ड्रॉबारजवळचे वळण, चेसिसमधली भोके आणि टेप गुंडाळलेले जोड या तीन जागी वायर हाताने हलवली आणि दिवा मिचकावला, तर दोष तिथेच आहे.

मल्टिमीटर १२ व्होल्ट दाखवतो, तरी दिवा मंद का?

गॅरेजमध्ये बुचकळ्यात टाकणारा हा प्रश्न आहे. मल्टिमीटर मोजताना जवळजवळ वीज घेतच नाही. त्यामुळे वायरीच्या वीस धाग्यांपैकी एकच धागा उरला असला, किंवा जोड गंजून हिरवा पडला असला, तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो. बल्ब जोडला की मात्र त्या अरुंद वाटेतून पुरेशी वीज जात नाही. म्हणून मोजमाप नेहमी दिवा चालू असताना घ्यावे. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे ट्रॉलीच्या दिव्याच्या अर्थला लावावे. सगळे ठीक असेल तर आकडा शून्याच्या जवळ यायला हवा. तो एक-दोन व्होल्ट आला, तर तेवढे व्होल्ट परतीच्या वाटेतच वाया जात आहेत. याच कारणासाठी तारेचा जुना बल्ब हा एलईडी टेस्टरपेक्षा अधिक भरवशाचा. तो वीज ओढतो, त्यामुळे कमजोर जोड लपत नाही.

दुसऱ्या ट्रॉलीपर्यंत उजेड का पोहोचत नाही?

वायर जितकी लांब आणि बारीक, तितकी तिच्यात वीज खर्च होते. ट्रॅक्टरपासून दुसऱ्या ट्रॉलीच्या शेपटापर्यंतचे अंतर १५ मीटर धरले, तर जाऊन-येऊन ३० मीटर वायर झाली. ती पाऊण चौरस मिलिमीटरची तांब्याची असेल, तर तिचा रोध सुमारे ०.७ ओहम भरतो. ब्रेकचे २१ वॉटचे दोन बल्ब या वायरीवर असतील, तर त्यांना १२ ऐवजी सुमारे १० व्होल्ट मिळतात. ऐकायला फरक थोडा वाटतो. पण तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी वेगाने घसरतो. दोन व्होल्ट कमी झाले की उजेड जवळपास निम्म्यावर येतो. त्यावर धूळ बसलेली काच असेल, तर ब्रेक लाइट आणि टेल लाइट यांतला फरकच मागच्याला कळत नाही.

वायर अडीच चौरस मिलिमीटरची घेतली, तर हीच घट पाऊण व्होल्टच्या आत राहते. म्हणजे उजेड वाढवण्यासाठी मोठा बल्ब लावणे हा उपाय नाही. मोठा बल्ब जास्त वीज ओढतो आणि घट आणखी वाढवतो. उपाय जाड वायरीचा आहे, त्यातही अर्थची वायर सर्वांत जाड हवी. कारण इतर वायरी एकेका दिव्याची वीज नेतात, तर अर्थच्या वायरीतून सगळ्या दिव्यांची वीज परत येते.

सात पिनांच्या सॉकेटचे काय?

अनेक नव्या ट्रॅक्टरना मागे सात पिनांचे सॉकेट कंपनीकडूनच बसवून मिळते. आयएसओ १७२४ या आंतरराष्ट्रीय प्रमाणात १२ व्होल्टच्या सात पिनांची वाटणी ठरलेली आहे.

१ : डावा इंडिकेटर, पिवळी वायर
२ : मागचा धुक्याचा दिवा, निळी
३ : अर्थ, पांढरी
४ : उजवा इंडिकेटर, हिरवी
५ : उजवा टेल लाइट, तपकिरी
६ : ब्रेक लाइट, लाल
७ : डावा टेल लाइट व नंबर प्लेटचा दिवा, काळी

प्लगची पद्धत पाळली तर कोणताही ट्रॅक्टर कोणत्याही ट्रॉलीला जोडता येतो. प्रत्यक्षात तसे होत नाही. ट्रॉली बहुधा तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या वर्कशॉपमध्ये बनते आणि मिळेल त्या रंगाची वायर त्यात पडते. एका ट्रॉलीत लाल वायर ब्रेकची, दुसरीत टेलची. हंगामात ट्रॅक्टर बंद पडला की ट्रॉली दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला जोडली जाते आणि डावा इंडिकेटर दिला की उजवा लागतो. ट्रॉली सोडताना प्लग काढायचा राहून जातो, ट्रॅक्टर पुढे निघतो आणि प्लग मुळासकट उपटतो. मग वायरीला वायर पिळून वर टेप गुंडाळला जातो. पहिल्या ट्रॉलीच्या मागे दुसरीसाठी सॉकेट नसणे ही तर सर्रास आढळणारी त्रुटी. त्यामुळे वायरिंग करताना रंगावर विसंबू नये. पिनेशेजारी कोरलेला आकडा वाचावा आणि टेस्ट लॅम्पने खात्री करावी.

एलईडी लावले की प्रश्न सुटतो का?

बराचसा, पण पूर्ण नाही. एलईडी तारेच्या बल्बच्या तुलनेत फारच थोडी वीज घेतो. त्यामुळे लांब वायरीतली घट अर्ध्या व्होल्टहूनही कमी राहते आणि खड्ड्यांच्या हादऱ्याने तार तुटण्याचा प्रश्नच उरत नाही. मात्र परतीची वाट तुटलेली असेल तर एलईडीही लागत नाही. जुना फ्लॅशर एलईडीचा कमी भार पाहून बल्ब गेला असे समजतो आणि वेगाने टकटकू लागतो. त्यासाठी एलईडीला चालणारा फ्लॅशर बसवावा लागतो. थोडक्यात, एलईडी हा चांगल्या जोडणीवरचा पुढचा टप्पा आहे, जोडणीला पर्याय नाही.

इतर देशांत हीच अडचण येते का?

अमेरिकेत पिकअप ट्रकमागे राहण्याची सोय असलेला ट्रेलर जोडून फिरायला निघणाऱ्या कुटुंबांनाही हाच त्रास होतो. ट्रेलरचे दिवे मिचमिचतात, एक बाजू बंद पडते आणि शोध घेतल्यावर अनेकदा गंजलेली अर्थ किंवा मळलेला प्लग सापडतो. तिथे मोठ्या ट्रेलरसाठी सात संपर्कांचा जोड प्रचलित आहे. त्यातून दिव्यांखेरीज ट्रेलरच्या विजेवर चालणाऱ्या ब्रेकला आदेश जातो आणि ट्रेलरमधील बॅटरीही चार्ज होते. त्यामुळे जोड बिघडला तर दिव्यांबरोबर ब्रेकही जाऊ शकतात. फरक एवढाच की तिथे पिकअपचा कारखाना आणि ट्रेलरचा कारखाना एकाच नमुन्याचा जोड बसवतात. त्यामुळे दोष कोणत्या बाजूला आहे, हे ठरवणे सोपे जाते. अर्थसाठी तिथे स्वतंत्र वायर असते, ती हुकावर सोडलेली नसते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(२८) मधील व्याख्येनुसार ट्रेलर हेही ‘मोटार वाहन’ आहे. त्याला स्वतःचे इंजिन नसले तरी त्याची नोंदणी करावी लागते. ट्रॅक्टरची कागदपत्रे म्हणजे ट्रॉलीची कागदपत्रे नव्हेत. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने ते सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत दिवे लावणे बंधनकारक आहे. बिघडलेले वाहन इतरांना धोका होईल अशा रीतीने रस्त्यावर सोडण्यास कलम १२२ मनाई करते. पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला दगड लावून रात्रभर उभी ठेवणे या कलमात बसते.

त्याचा आर्थिक भागही आहे. ट्रॉलीची नोंदणी किंवा विमा नसेल, दिवे बंद असल्याचे पंचनाम्यात नोंदले गेले असेल, तर भरपाईच्या दाव्यात विमा कंपनीला जबाबदारी झटकण्याची वाट मिळते. मृताच्या कुटुंबाला न्यायाधिकरणाच्या तारखा मोजाव्या लागतात आणि ट्रॅक्टरमालक शेतकऱ्यावर कर्जाच्या हप्त्यांबरोबर भरपाईची टांगती तलवार राहते. गुन्हा मात्र सर्वांत आधी नोंदला जातो तो रोजंदारीवरच्या चालकावर.

जबाबदारी नेमकी कुणाची?

ट्रॅक्टर बनवणारी कंपनी सॉकेटपर्यंत वीज आणून देते, तिथे तिचे काम संपते. ट्रॉली बनवणारा दिवे बसवून देतो. मालक पासिंग करून घेतो. कारखाना तोडणी-वाहतुकीचा करार करतो आणि टन व अंतरानुसार पैसे मोजतो. चालकाची कमाई खेपांवर असते, त्यामुळे दिव्यांसाठी अर्धा दिवस गॅरेजमध्ये घालवणे त्याला परवडत नाही. या साखळीत प्रत्येकाकडे आपापला तुकडा आहे. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामधली दीड मीटर केबल मात्र कुणाच्याच वाट्याला येत नाही.

तपासणीची पद्धतही या दोषाला सोयीची आहे. पासिंगच्या दिवशी ट्रॉली रिकामी, धुतलेली, उभी आणि दिवसाउजेडी असते. दोष मात्र भरलेल्या, हादरणाऱ्या, चिखलातून बाहेर आलेल्या ट्रॉलीत रात्री प्रकट होतो. परिवहन विभाग पासिंगच्या वेळी जे पाहतो आणि रस्त्यावर रोज जे चालते, त्यांत हा फरक आहे.

यावर उपाय काय?

तांत्रिक बाजूने उपाय स्वस्त आहे. प्रत्येक ट्रॉलीला अर्थची स्वतंत्र जाड वायर, दोन्ही टोकांना सात पिनांचा एकसारखा जोड, पहिल्या ट्रॉलीच्या मागे दुसरीसाठी सॉकेट, केबलला लोंबणार नाही आणि ओढलीही जाणार नाही एवढी ढील आणि चेसिसमधून जाताना रबरी बूच. या सगळ्याचा खर्च एका टायरच्या किमतीच्या जवळपासही जात नाही.

अडचण अंमलबजावणीची आहे आणि तिचे उत्तर कारखान्याच्या आवारातच सापडू शकते. प्रत्येक ट्रॉली प्रत्येक खेपेला वजनकाट्यावर येते. नंबर लागेपर्यंत ती तासन्‌तास रांगेत उभी असते. भरलेल्या ट्रॉलीची तपासणी करण्यासाठी याहून योग्य जागा आणि वेळ नाही. आवारात एक इलेक्ट्रिशियन, एक चाचणी बॅटरी, सात पिनांचे सुटे प्लग आणि बल्बचा खोका ठेवला, तर रांगेतल्या वेळेतच बहुतेक दोष दुरुस्त होतील आणि चालकाची खेपही बुडणार नाही. रिकामी ट्रॉली काट्यावरून बाहेर पडताना टेल, ब्रेक आणि दोन्ही इंडिकेटर एकदा लावून दाखवणे सक्तीचे केले, तर पुढच्या खेपेची सुरुवात चालू दिव्यांनी होईल. वाहतूक करारात ही अट घालणे कारखान्यांच्या हातात आहे. साखर आयुक्तालय आणि परिवहन विभागाने मिळून ती सर्व कारखान्यांना एकसारखी लागू केली, तर एका कारखान्याच्या कडकपणामुळे वाहतूकदार शेजारच्या कारखान्याकडे जाण्याची भीतीही राहणार नाही.

रिफ्लेक्टर मोहिमा दर हंगामात होत राहतील आणि त्या व्हायलाही हव्यात. पण ट्रॉली दिसण्यासाठी मागच्या वाहनाच्या उजेडावर विसंबून राहायचे की तिचा स्वतःचा दिवा चालू ठेवायचा, हा निर्णय दर खेपेला काट्याच्या फाटकावर घेता येतो. तिथून बाहेर पडलेली ट्रॉली पुढचे काही तास कुणाच्या तरी घरी परतण्याच्या रस्त्यावर असते.